परका ताप

शाल्मलीचा ताप उतरल्याचं कळलं तेव्हा केतकीनं तिला लगेच फोन लावला.

"आता कशी आहेस गं?"

"बरी आहे," पुण्याहून शाल्मली म्हणाली. "तुझं काही काम होतं का?"

आवाज तोच होता. आपण सख्ख्या थोरल्या बहिणीशी बोलतोय हेही शाल्मलीला पक्कं ठाऊक होतं. केतकी घाबरून काहीबाही बोलत राहिली. आई गेली ते दिवस, शाल्मलीच्या लग्नात वरातीची गाडी बंद पडली होती ती फजिती, दोघींनी मिळून आबांपासून लपवलेलं कुत्र्याचं पिल्लू. शाल्मलीला सगळं आठवत होतं. "हो, बरोबर," असं ती प्रत्येक गोष्टीला म्हणाली, बँकेतला माणूस खात्याचा तपशील पडताळून घेतो तशी. मग म्हणाली, "आणखी काही नसेल तर ठेवू का? कुकर लावायचाय."

केतकी फोन हातात धरून स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली. विश्वजित कॉलेजातून आला तेव्हा ती तशीच बसलेली होती.

"तिलाही झाला," ती म्हणाली. "तिला मी कोणीच नाही वाटत आता."

विश्वजितनं तिच्याशेजारी बसून तिचा हात हातात घेतला. तो म्हणाला, "आपण इथून जाऊ या. मुक्ताला घेऊन."

त्या वर्षी घरोघरी हेच चाललं होतं. रोगाचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं, लोक त्याला परका ताप म्हणत. विषाणू नाकावाटे शिरे. वास ओळखणाऱ्या पेशींची टोकं नाकाच्या छतापाशी उघडी असतात आणि त्यांचे धागे थेट मेंदूत जातात. दुसऱ्या कुठल्याही इंद्रियाला मेंदूचा इतका जवळचा रस्ता नाही. त्या रस्त्यानं विषाणू कानशिलाच्या आतल्या अंगाला, बदामाएवढ्या एका भागापाशी पोचे. एखादा चेहरा दिसला की मेंदूत दोन गोष्टी घडतात. एक भाग सांगतो, ही अमुक. त्याच क्षणी हा बदामाएवढा भाग अंगात एक ऊब सोडतो आणि सांगतो, ही माझी. विषाणू पहिल्या भागाला हात लावत नसे. दोघांना जोडणारे धागे तेवढे तो खाऊन टाकी. आठवणी शाबूत, बुद्धी शाबूत, भूक आणि विनोदबुद्धीसुद्धा शाबूत. फक्त आपलं माणूस आपलं वाटणं थांबे.

माणसं मरत नव्हती, त्यामुळे कारखाने, बँका, शाळा सगळं चालू राहिलं. बरे झालेले लोक कामाला उलट जास्तच चोख होते. कोर्टात घटस्फोटांची रीघ लागली, पण भांडणं नव्हती. नवरा-बायको एकाच रिक्षातून येत आणि सह्या करून आपापल्या वाटेनं जात. वसतिगृहांत जागा मिळेना. दवाखान्यांच्या व्हरांड्यात म्हातारी माणसं डबा येईल म्हणून वाट बघत बसत. डबा यायचा, वेळेवर आणि गरम यायचा. डबा आणणारा मुलगा तो ठेवून तसाच परत जायचा.

विश्वजितच्या चुलतभावानं आंबा घाटाच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून बरंच आत, पर्यटकांसाठी एक लाकडी घर बांधलं होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे झऱ्याचं पाणी पाइपनं आणलेलं. पर्यटक यायचे बंद झाले तसं ते कुलूप लावून ठेवलं होतं. दिवाळी झाल्यावर तिघं तिथं राहायला गेली. तांदूळ, डाळी, गूळ, तेल असं सामान गाडीत कोंबून नेलं होतं. भाजी आणि दूध रस्त्यापाशी एका खोक्यात ठेवून जायला वाडीतला एक माणूस तयार झाला. त्याचं तोंडही कधी कोणी पाहिलं नाही. विश्वजित पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकवायचा, ते तो ओट्यावर बसून पडद्यावरून शिकवू लागला. केतकीचा फिजिओथेरपीचा दवाखाना बंदच झाला. रोग्याला हात लावल्याशिवाय तिचं काम होत नसे.

मुक्ता तेव्हा सात वर्षांची होती. तिला जंगलाची भीती वाटेल असं केतकीला वाटलं होतं. पण ती पहिल्याच सकाळी छपरावर आलेल्या शेकरूशी गप्पा मारायला लागली. संध्याकाळी पलीकडच्या उतारावर गवे चरायला येत. तिघं ओट्यावर श्वास रोखून बसत, आणि एखादा गवा मान वर करून बघायला लागला की मुक्ता बाबाच्या शर्टात तोंड खुपसून हसायची. थंडी पडली तशी तिघं एकाच अंथरुणात झोपायला लागली. विश्वजित लाकडं फोडायला शिकला आणि त्यानं अंगठा चेचून घेतला. केतकीनं चुलीवर भाकरी थापल्या. पहिल्या करपल्या, नंतर जमल्या. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांकडे इतकं पाहिलं नव्हतं. कधीकधी जेवताना विश्वजित मध्येच घास थांबवून तिच्याकडे बघत राहायचा.

"काय झालं?" ती विचारायची.

"काही नाही. अजून आहे ना, ते बघत होतो."

रोज सकाळी तिघं नाकाखाली एक कागदी पट्टी धरत. श्वासात विषाणू असला तर ती जांभळी होई. पांढरी पट्टी बघून मुक्ता टाळ्या वाजवी.

माघात अंजनीची झाडं निळ्या फुलांनी भरली, त्या सुमाराला मिरजेहून फोन आला. केतकीचे वडील न्हाणीघरात पाय घसरून पडले होते. खुबा मोडला होता. आबा रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यापासून मिरजेच्या घरात एकटेच राहत. त्यांना ताप आला नव्हता, कारण ते कोणात मिसळतच नव्हते. शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात पोचवलं आणि कळवलं.

केतकीनं शाल्मलीला फोन केला. शाल्मलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ऑपरेशनचा अर्धा खर्च मी पाठवते. माझं येणं काही जरूर दिसत नाही."

"तू जाऊ नकोस," विश्वजित म्हणाला. "केतकी, ऐक माझं. तिथं सगळे बरे झालेले लोक आहेत, ते नीट करतील त्यांचं. हयगय नाही करत ते."

"हयगय नाही करत. पण त्यांच्याशेजारी कोणी बसणार नाही रे."

"आणि तुला झाला तर?"

ती दोन दिवस घरात फिरत राहिली, भांडी पुन्हा पुन्हा घासत राहिली. आबा त्या खाटेवर दाराकडे बघत पडले असतील, हे डोळ्यांसमोरून हलेना. तिसऱ्या दिवशी तिनं दुहेरी मुखपट्टी आणि गाडीची किल्ली घेतली. मुक्ता झोपलेली होती. तिच्या कपाळावर ओठ टेकताना केतकीला तिच्या केसांना येणारा धुराचा आणि तेलाचा वास आला. तो वास तिनं छातीत भरून घेतला.

"कशाला आलीस गं पोरी?" दवाखान्यात आबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पोर तिकडं रानात टाकून."

"तिचा बाबा आहे तिच्यापाशी. तुम्हाला एकटं कसं ठेवू?"

"नसतीस आली तरी मला काय वाटलं नसतं."

"मला वाटलं असतं, आबा."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांनी तिचा हात चाचपून धरला आणि मग सोडलाच नाही.

ऑपरेशन नीट झालं, पण पडून राहिल्यानं त्यांच्या छातीत कफ साठला आणि तो हटेना. नर्स वेळच्या वेळी येत, सुई टोचत, कूस बदलत. कोणी चुकूनही त्यांच्या तोंडाकडे बघत नसे. ते गेले त्या दुपारी केतकी त्यांच्या उशाशी होती. पोरीचं नाव घेत गेले, तिचं की शाल्मलीचं ते नीट कळलं नाही. स्मशानात खांदा द्यायला पुरेशी माणसं आली. आधी कळवलं होतं म्हणून आली. एकटी केतकी रडत होती, आणि बाकीचे तिच्याकडे, पावसात छत्री विसरलेल्या माणसाकडे बघावं तसे बघत होते.

चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी तिची पट्टी जांभळी झाली.

तिनं विश्वजितला लगेच सांगितलं नाही. आधी ती आबांच्या पलंगावर बसली आणि फोनमधले मुक्ताचे सगळे फोटो काढून बघायला लागली. ताप चढत होता, डोळ्यांत आग होत होती, तरी ती बघत राहिली. मुक्ता दुपट्यात, मुक्ता रांगताना, मुक्ता पहिल्या दिवशी शाळेच्या दारात भोकाड पसरलेली. प्रत्येक फोटोला ती मोठ्यानं म्हणत होती, "माझी आहे. ही माझी आहे." घट्ट धरून ठेवलं तर राहील अशी तिची वेडी आशा होती. ग्लानीत तिनं फोन छातीशी आवळून धरला होता.

एका सकाळी तिला जाग आली तेव्हा ताप नव्हता. खिडकीतून ऊन आलं होतं. सपाटून भूक लागली होती. हाताशी फोन होता, त्यावर एका मुलीचा फोटो होता; वरचा दात पडलेला, केस विस्कटलेले. ही मुक्ता, आपली मुलगी, हे तिला कळलं. ती थोडा वेळ त्या फोटोकडे बघत राहिली. काही झालं नाही. मग तिनं फोन चार्जिंगला लावला आणि पोहे करायला उठली.

दुपारी विश्वजितचा फोन आला. "किती दिवस झाले उचलत नाहीस. कशी आहेस?"

"बरी आहे," केतकी म्हणाली. "ताप येऊन गेला."

पलीकडे कोणी बोलेना. तिला वाटलं रेंज गेली असेल. मग विश्वजितचा श्वास ऐकू आला.

"ये तू," तो म्हणाला. "कशीही ये."

पट्टी पुन्हा पांढरी होईपर्यंत ती मिरजेत थांबली. तोवर तिनं आबांचं घर आवरलं, त्यांचे कपडे देऊन टाकले. काम करताना ती रेडिओ लावत असे; गाणी तिला पूर्वीइतकीच आवडत होती. परत जायचं की नाही याचा तिनं शांतपणे विचार केला. नवरा आहे, मुलगी लहान आहे, आपण जबाबदारी घेतलेली आहे. जायला हवं, असं ठरवून ती निघाली.

गाडीचा आवाज ऐकून मुक्ता उतारावरून धावत आली आणि तिनं केतकीच्या कमरेला मिठी मारली. केतकीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. पूर्वी आपण खाली बसून तिला जवळ घेत असू, हे तिला आठवलं, म्हणून ती खाली बसली. विश्वजित ओट्यावर उभा होता. त्याची दाढी वाढली होती. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याला जे बघायचं होतं ते तिथं नव्हतं.

मुक्ताला त्यानं सांगून ठेवलं होतं, आई आजारी होती, थोडी गप्प असेल. केतकी सगळं करत होती. वेणी घालायची, अभ्यास घ्यायची, मुक्ताच्या गुडघ्याला खरचटलं तर स्वच्छ धुवून मलम लावायची. मलम लावताना "आई गं" असं ती पूर्वी स्वतःच म्हणायची, ते आता म्हणत नव्हती. काही दिवसांनी जेवताना मुक्तानं विचारलं, "आई, मी तुला आवडते का?"

केतकीनं घास खाली ठेवून विचार केला. "तू चांगली मुलगी आहेस," ती म्हणाली.

मुक्ता ताटावरून उठली आणि पायरीवर जाऊन बसली.

"हो म्हणायचं होतंस," विश्वजित हलक्या आवाजात म्हणाला.

"ते खोटं झालं असतं."

"तरी म्हणायचं होतंस गं."

तिला ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून ती 'हो' म्हणू लागली. पण मुक्तानं पुन्हा विचारलंच नाही. ती आता रडली की बाबाकडे जायची.

मिरजेचा डॉक्टर अल्ताफ मुल्ला हा केतकीचा कॉलेजातला मित्र. तो मेंदूचा डॉक्टर होता आणि या रोगावरच काम करत होता. विश्वजितनं त्याला पडद्यावर गाठलं. केतकी शेजारी बसून ऐकत होती.

"जुने धागे परत येत नाहीत," अल्ताफ म्हणाला. "तुला खोटी आशा दाखवत नाही. पण नाकातल्या या पेशी शरीरातल्या इतर मज्जापेशींसारख्या नाहीत. त्या जन्मभर नव्यानं उगवत राहतात. त्यांच्यामागोमाग आत नवे धागे जुळताना आम्हाला दिसतायत. तान्ह्या मुलाचे जुळतात ना आईशी, तसे. वासातून, स्पर्शातून, रोजच्या सहवासातून."

"म्हणजे ती इथं आमच्यात राहिली तर…"

"तर तुमच्याशी जुळतील, बहुतेक. वर्ष लागेल, दोन लागतील. नक्की कोणालाच माहीत नाही. आणि जे जुळेल ते नवीन असेल, विश्वजित. तुमची ओळख नव्यानं होतेय असं धरून चाल."

त्या दिवशी विश्वजित महिन्याभरात पहिल्यांदा हसला. तो उत्साहानं कामाला लागला. तिला जंगलात फिरायला नेई, तिच्या आवडीची उसळ करी, लग्नाआधी दोघं पन्हाळ्यावर भिजली होती ती गोष्ट सांगे. "आठवतं?" तो विचारी. तिला सगळं आठवे. त्या दिवशी त्यानं कुठला शर्ट घातला होता तेही ती सांगे. मग तो गप्प होई. चैत्र संपेपर्यंत त्याचं सांगणं थांबलं. त्याचं वजन उतरलं होतं. पडद्यावर शिकवताना तो एखाद्या समीकरणापाशी थांबे आणि मुलं "सर, सर" म्हणत राहत.

एक दिवस तो भाजीचं खोकं आणायला म्हणून गेला आणि खूप वेळानं परत आला. मुखपट्टी त्याच्या खिशात होती.

"कुठं गेला होतास?" केतकीनं विचारलं.

"बाजारात. चहाच्या टपरीवर बसलो." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "लोक खोकत होते. मी बसून राहिलो."

"मुद्दाम?"

"तुला त्रास होत नाही ना, केतकी? आबा गेले, तुला काही वाटत नाही. मी समोर झुरतोय, तुला काही वाटत नाही. मलाही तसंच व्हायचंय. मला नाही आता सोसत."

केतकी हातातलं काम थांबवून त्याच्यासमोर बसली. तिच्या मनात खळबळ अशी नव्हतीच; पुढे काय होईल ते मात्र तिला स्वच्छ दिसत होतं.

"तुला झाला तर मुक्ताला आपली म्हणणारं कोणी उरणार नाही," ती म्हणाली. "दोघं मिळून तिला जेवू घालू, शिकवू, सगळं करू. वसतिगृहातल्यासारखं. तिला झालेलं नाही, विश्वजित. तिला सगळं वाटतंय."

"माहीत आहे मला."

"माहीत असून तू टपरीवर बसलास."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पट्टी पुढचे काही दिवस पांढरीच आली. नशिबानं तो वाचला होता. त्या दिवसांत केतकी विचार करत होती. मी समोर असले की याला मी गेल्याचं दर घटकेला कळतं. मी नसले तर याला माझं दुःख करता येईल, जसं माणसं मेलेल्यांचं करतात, आणि ते कधीतरी ओसरेल. पट्ट्या निर्धोक आल्यावर तिनं त्याला सांगितलं की ती मिरजेला आबांच्या घरी राहायला जाते आहे.

"असं करू नकोस," तो म्हणाला. "अल्ताफ काय म्हणाला ऐकलंस ना? इथं राहिलीस तर आमच्याशी जुळेल. तिथं गेलीस तर तिथल्या लोकांशी जुळेल. मग आम्ही…"

"एक-दोन वर्षं लागतील म्हणाला. तोवर तू टिकणार नाहीस. पुन्हा टपरीवर जाशील."

तो नाही म्हणाला नाही. तो ओट्याच्या खांबाला टेकला. म्हणाला, "मुक्ताला काय सांगू?"

"आईला काम लागलं म्हणून सांग."

केतकी निघाली तेव्हा मुक्ता करवंदं तोडत होती. "येते," केतकी म्हणाली. मुक्तानं मान हलवली आणि एक करवंद तिच्या हातावर ठेवलं. गाडी वळणावर पोचेपर्यंत केतकीनं ते खाल्लं. गोड होतं.

मिरजेत तिनं आबांच्या पुढच्या खोलीत दवाखाना काढला. लकवा झालेली, हाडं मोडलेली माणसं येत. ती चांगलं काम करी. दर रविवारी मुक्ताशी पडद्यावर बोले. अभ्यास कसा चाललाय, जेवलीस का, शेकरू आलं का. सुरुवातीला मुक्ता खूप बोलायची. मग थोडं बोलायची. मग "बाबा बोल म्हणतात म्हणून आले" असं म्हणून शेजारी काहीतरी चित्र काढत बसायची. केतकीला त्यात गैर वाटलं नाही.

झुबेदाबी नावाची एक विधवा रोज उजव्या हाताचे व्यायाम करायला यायची. लकव्यानं तिचं तोंड थोडं वाकडं झालं होतं आणि ती सारखी बडबडत असे. सून कशी, नातू कसा, आज भाजी काय. केतकी तिची बोटं धरून एकेक वळवी आणि बडबड कानावर पडेल तशी ऐके. असं वर्ष गेलं, दुसरंही सरत आलं. एका सकाळी झुबेदाबी आली नाही. दुपारपर्यंत आली नाही. केतकी दारात जाऊन रस्त्याकडे बघून आली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा जाताना तिच्या लक्षात आलं की आपल्या छातीत काहीतरी घट्ट आवळलंय आणि हात गार पडलेत. ती दवाखान्याचं दार तसंच उघडं टाकून झुबेदाबीच्या घरापर्यंत जवळजवळ पळत गेली. म्हातारी बाजेवर बसून लसूण सोलत होती; जरा सर्दी झाली होती एवढंच.

"क्या हुआ बेटा?" झुबेदाबी म्हणाली. "रोती कायकू?"

केतकी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती. तिला समजलं होतं. नवे धागे आले होते, आणि जे माणूस रोज हाताशी होतं त्याच्याशी जुळले होते.

संध्याकाळी तिनं विश्वजितला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"छान झालं," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "खरंच छान झालं गं."

त्यानंतरच्या वर्षी नाकात मारायचा फवारा निघाला. त्यानं विषाणूला आत जायचा रस्ताच बंद होई. तो सगळ्यांना मिळायला लागल्यावर जंगलात, मळ्यांवर, बेटांवर जाऊन राहिलेली माणसं हळूहळू परत येऊ लागली. विश्वजितला साताऱ्याला नोकरी मिळाली. तिकडे जाताना वाट थोडी वाकडी करून मिरजेला थांबून जाऊ, असं त्यानं कळवलं.

दोघं येणार त्या दिवशी केतकीनं श्रीखंड-पुरीचा बेत केला. गाडीतून विश्वजित उतरला. त्याच्या केसांत पांढरं आलं होतं आणि चेहरा निवलेला होता. त्यानं ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तसं हसून विचारलं, "बरी आहेस ना?" त्याच्यामागून मुक्ता आली. दहा वर्षांची, उंच, उन्हानं रापलेली. तिनं वाकून नमस्कार केला.

जेवताना केतकी तिच्याकडे बघत होती. मुलगी डाव्या हातानं पदार्थ बाजूला सारत होती, आबा सारायचे तसे. पुरी मोडताना जीभ बाहेर काढत होती. बोलताना वाक्य अर्धं सोडून खिडकीबाहेर बघत होती. या प्रत्येक गोष्टीनं केतकीच्या आत काहीतरी हलत होतं. आठवणीतून येत नव्हतं ते; ही समोर बसलेली मुलगी तिला आवडायला लागली होती. आणखी वाढावं, आणखी बोलतं करावं, तिनं इथंच राहावं, असं वाटायला लागलं होतं.

जेवणानंतर विश्वजित सामान नीट लावायला गाडीपाशी गेला. दोघी पुढच्या खोलीत होत्या.

"मुक्ता," केतकी म्हणाली, "तू इथं राहायला येशील का थोडे दिवस? सुट्टीत?"

"बाबांना विचारते," मुक्ता म्हणाली. मग ती व्यायामाच्या दोरीची कप्पी फिरवायला लागली. "तुला तेव्हा काहीच वाटत नव्हतं ना? तू गेलीस तेव्हा?"

"नाही."

"बाबांनी सांगितलं मला सगळं. त्यांना ताप येऊ नये म्हणून तू गेलीस. ते म्हणतात, तू बरोबर केलंस." तिच्या आवाजात राग नव्हता. एखादं गणित अडल्यावर विचारावं तसं ती विचारत होती. "पण तुला तर काही वाटतच नव्हतं. मग राहायला काय झालं होतं? मी रोज तुझ्या शेजारी बसले असते. तुझं माझ्याशीच जुळलं असतं."

"मला वाटलं, बाबा…"

"बाबांना मी सांभाळलं असतं." मुक्तानं कप्पी सोडली. "मी पुष्कळ दिवस रडले. मग थांबले. आता मला रडू येत नाही. मला ताप आला नव्हता तरी."

केतकीनं तिच्याकडे हात पुढे केला. मुक्तानं तो हात धरला, कारण मोठ्या माणसानं हात पुढे केला की धरायचा असतो, हे तिला शिकवलेलं होतं. तिचा तळवा खरखरीत आणि गार होता. केतकीनं तो दोन्ही हातांत घेतला आणि तिला रडू फुटलं. मुलगी चांगल्या घरातल्या पाहुण्यासारखी थांबून राहिली, तिचं रडून होईपर्यंत.

बाहेरून विश्वजितनं हाक मारली. साताऱ्याला पोचायला उशीर होणार होता.

"येते," मुक्ता म्हणाली आणि दारात चपला घालून गेली. केतकी फाटकापर्यंत आली. गाडी वळली, रेल्वेच्या पुलाकडे लागली आणि दिसेनाशी झाली. ती बराच वेळ तिथंच उभी होती. घराघरांतून संध्याकाळच्या कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. समोरून झुबेदाबी नातवाचा हात धरून हळूहळू येताना दिसली. केतकीनं पदरानं तोंड पुसलं आणि तिच्यासाठी फाटक उघडं धरलं.